तांब्या काढायला बसलं की तळ सपाटच का येतो?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की चित्रकला शिकायची तर समोर वस्तू ठेवून काढा, आणि अडलं की मला कळवा. तर खूपच पत्रं आली, मेल आले, काहींनी चित्रांचे फोटो पाठवलेत. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही पण एलिमेंटरी-इंटरमिजिएटची, म्हणजे शाळेतल्या मुलांसाठीची सरकारी चित्रकलेची परीक्षा बहुतेक सप्टेंबरच्या शेवटी असते म्हणून त्या मुलांचे प्रश्न आधी घेतेय. मी 27 वर्षं हायस्कूलला चित्रकला शिकवली, तेव्हा यातले बरेच प्रश्न वर्गात रोज ऐकलेले आहेत, आणि दरवेळी विचारणाऱ्या मुलाला वाटतं की हे फक्त आपलंच चुकतंय. तसं अजिबात नसतं.

बाई, मी आठवीत आहे, यंदा एलिमेंटरीला बसलीये. वस्तुचित्रात माझा तांब्या नेहमी चपटा दिसतो, कागदाला चिकटवल्यासारखा. सर म्हणतात तळ चुकलाय, पण काय चुकलंय ते मला दिसतच नाही. आणि दोन्ही बाजू पण सारख्या येत नाहीत. काय करू? – एक विद्यार्थिनी, तासगाव

तुझा फोटो बघितला. तोंड तू छान लांबट गोल काढलंयस आणि तळाला मात्र पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ. हे का होतं सांगू का, कारण तुला माहितीये की तांब्या जमिनीवर सपाट बसतो. डोक्याला माहिती असलेलं हात काढून मोकळा होतो, डोळ्याला विचारतच नाही.

आता एक कर. स्टीलचा पेला घे, सरळ उभ्या भिंतींचा, ज्याचं तोंड आणि तळ जवळपास सारखं आहे असा. तो अगदी डोळ्यासमोर धर, म्हणजे पेल्याची कड तुझ्या डोळ्याच्या पातळीत. तोंड तुला एक रेघच दिसेल. आता हळूहळू खाली ने. रेघ उघडत जाते, लंबवर्तुळ होतं, आणि पेला जितका खाली तितकं ते लंबवर्तुळ जास्त गोल. आता विचार कर, पेल्याचं तोंड वर आहे आणि तळ त्याच्यापेक्षा खाली, म्हणजे तळ डोळ्याच्या पातळीपासून जास्त लांब, म्हणजे तळाचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा जास्त गोल असायला हवा. आणि आपण काय करतो, तळाला सरळ रेघ. काचेचा ग्लास असेल तर अजून बरं, त्यात तळाचं पूर्ण लंबवर्तुळ आरपार दिसतं. माझ्या वर्गात मी पहिले दोन तास फक्त हेच करून घ्यायचे, पेन्सिल हातात द्यायचेच नाही, मुलं कंटाळायची पण नंतर वर्षभर तळ चुकायचा नाही.

दुसरं, लंबवर्तुळाची टोकं. तू ती माशाच्या तोंडासारखी टोकदार काढलीयेस. लंबवर्तुळाला कोपरा कुठेच नसतो, टोकाला पण ते वळतंच, फक्त पटकन वळतं. तोंडाची मागची कड आणि पुढची कड वेगवेगळी काढून दोन्ही जोडली की असं होतं. त्यापेक्षा मनगट न टेकवता खांद्यातून हात फिरव, कागदाला न टेकवता हवेत चार फेऱ्या मार आणि मग फिरता फिरताच हलकेच पेन्सिल टेकव, दोन-तीन फेऱ्या उमटू देत, त्यातली बरोबर वाटेल ती नंतर गडद कर. जुन्या वर्तमानपत्रावर रोज एक पान लंबवर्तुळं काढ, पंधरा दिवसात हाताला वळण लागतं.

दोन्ही बाजू सारख्या यायला सगळ्यात आधी मध्यरेषा. उभी रेघ हलक्या हाताने, आणि तिच्यावर तोंड कुठे, मान कुठे, पोट सगळ्यात जास्त कुठे फुगलंय, तळ कुठे, अशा आडव्या खुणा. मग माप घे. हात कोपरात न वाकवता सरळ ताठ, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत तांब्याची रुंदी धरायची आणि तेच माप उंचीवर किती वेळा बसतं ते बघायचं. हात वाकला की माप बदललं, आणि ही चूक इतकी जणं करतात की मी वर्गात मागून जाऊन कोपर सरळ करत फिरायचे. प्रत्येक आडव्या खुणेवर मध्यरेषेपासून डावीकडे जेवढं तेवढंच उजवीकडे. नंतर बाहेरची रेघ. तू उलटं करतेस, आधी डावी बाजू पूर्ण सुंदर काढतेस आणि मग उजवी तिच्यासारखी करायला बघतेस, आणि मग खोडरबर.

आणि हो, परीक्षेत वस्तूंचा ग्रुप मध्ये मांडलेला असतो आणि मुलं भोवती बसतात, त्यामुळे शेजारणीच्या कागदात डोकावून काहीच उपयोग नाही, तिला दिसतंय ते तुला दिसणारच नाहीये. जागा मिळाली की लगेच सुरू करू नको, दोन मिनिटं नुसती बघ की माझ्या डोळ्याची पातळी वस्तूंच्या किती वर आहे, आणि एकदा बसलीस की मान खालीवर करून बघायचं नाही, पातळी बदलली की सगळी लंबवर्तुळं बदलतात.

मी नववीत आहे. शेडिंग करताना मी बोटाने घासतो, गुळगुळीत होतं पण सगळं चित्र राखाडी दिसतं, उठाव येत नाही. माझ्याकडे 2बी, 4बी, 6बी, 8बी सगळ्या पेन्सिली आहेत. – नागपूर

पेन्सिलीचा प्रश्न नाहीये. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, ग्रॅफाइट आणि माती असते, माती जास्त तर एच म्हणजे कडक आणि फिकी, ग्रॅफाइट जास्त तर बी म्हणजे मऊ आणि काळी. एचबी, 2बी, 6बी एवढ्या तीन तुला इंटरमिजिएटपर्यंत पुरतील.

बोटाने घासलं की काय होतं, कागदाचा पांढरा जिथे जिथे शिल्लक होता तो सगळा पुसट राखाडी होऊन बसतो, आणि बोटाचं तेल कागदाला लागतं ते वेगळंच, त्यावर नंतर पेन्सिल धरत नाही. उठाव येतो तो पांढरा आणि काळा यांच्यातल्या अंतरामुळे. तर महिनाभर बोट बंद. रेघांनीच छटा कर, वस्तूच्या आकाराप्रमाणे वळणाऱ्या रेघा, जिथे गडद हवं तिथे दुसरा थर.

तांब्या-पितळेवर शेडिंग शिकू नको, ते चमकतं, त्यात खिडकी दिसते, तुझा शर्ट दिसतो, अगदी पांढऱ्याच्या शेजारी अगदी काळं असतं, आणि नवशिक्याचा गोंधळ उडतो. लिंबू घे किंवा उकडलेलं अंडं किंवा मातीचा छोटा माठ. एकाच बाजूने उजेड येऊ दे, ट्यूबलाइट बंद कर, खिडकीपाशी ठेव. आता डोळे बारीक करून बघ. सगळ्यात उजळ जागा दिसेल, मग मधली छटा, मग गडद पट्टा, आणि नीट बघ, त्या गडद पट्ट्याच्या पलीकडे अगदी कडेला पुन्हा थोडं उजळ असतं, टेबलावरून उजेड परत येतो ना तो. मुलं हा परावर्तित उजेड हमखास विसरतात आणि कड काळी करून टाकतात, मग लिंबू गोल न दिसता थाळीसारखं दिसतं. आणि मग पडछाया, ती वस्तूजवळ सगळ्यात गडद आणि लांब जाईल तशी विरत जाते.

सावंतवाडीचे चित्रकार हळदणकर, सावळाराम लक्ष्मण हळदणकर, त्यांचं हातात समई घेतलेल्या मुलीचं चित्र तू कुठे ना कुठे पाहिलं असशील, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. जलरंगातलं चित्र. ती ज्योतीपुढे हात आडवा धरते आणि बोटांमधून उजेड झिरपतो, बोटं आतून लालसर दिसतात. त्या चित्राची छपाई समोर ठेव आणि फक्त एवढंच शोध की सगळ्यात उजळ जागा केवढीशी आहे. अगदी थोडी आहे, बाकी सगळं त्यांनी अंधारात जाऊ दिलंय, म्हणून ती उजळते. लाइट गेली की घरात मेणबत्ती लावून स्वतःचा हात तसा धरून बघ, मी खरंच सांगते, शंभर व्हिडिओत कळणार नाही ते दोन मिनिटांत कळेल.

मॅम मी मोबाइलवर फोटो बघून खूप छान पोर्ट्रेट काढते, सगळे म्हणतात सेम टू सेम. पण क्लासमध्ये समोर बसवून काढायला सांगितलं की काहीच जमत नाही, रडूच येतं. मग मला येतं की नाही येत? – अकरावी, ठाणे

येतं गं. हात तयार आहे तुझा, रेषेवर ताबा आहे, हे थोडं नाही. पण फोटोत सगळ्यात अवघड काम कॅमेऱ्याने आधीच केलेलं असतं, गोल जग सपाट करण्याचं. तू सपाटावरून सपाट काढतेस. समोर बसलेला माणूस हलतो, श्वास घेतो, तुला दोन डोळ्यांनी दिसतो, आणि कुठे थांबायचं, काय सोडायचं हे तुलाच ठरवायचं असतं. शिवाय मोबाइल जवळून धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, सावलीतलं सगळं काळं होऊन जातं, आणि आपण तेच इमानदारीने कॉपी करतो.

कॉपी करणं वाईट असं मी म्हणत नाही. 1872 पासून पुढे कितीतरी वर्षं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जायचे आणि ती मुलं लेण्यांतल्या भिंतींवरची चित्रं कॉपी करायची. पण ती भिंतीसमोर उभं राहून, माप घेऊन, फिरता उजेड सांभाळून. मूळ चित्रासमोर बसून केलेली कॉपी खूप शिकवते. तू ठाण्यात राहतेस, एका रविवारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा, वही आणि पेन्सिल घेऊन, आणि एकाच मूर्तीसमोर तासभर बस.

आणि घरच्यांना मॉडेल कर. आई भाजी निवडताना, बाबा पेपर वाचताना, आजी झोपलेली असेल तर फारच उत्तम. पाच-पाच मिनिटांची स्केचेस, खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवून. सुरुवातीची पन्नास वाईटच येतील, ती कुणाला दाखवायची नाहीत, पोस्ट करायची नाहीत. तुला रडू का येतं माहितीये का, सेम टू सेमची सवय लागलीये आणि समोरचं चित्र पहिल्याच दिवशी तसं यावं असं वाटतं. ते नाही येणार पहिल्या दिवशी. दोन महिन्यांनी मला पुन्हा लिही.

मुलगी नववीत आहे, दिवसभर चित्रंच काढत असते. पुढच्या वर्षी दहावी. चित्रकलेच्या परीक्षांचा खरंच काही उपयोग असतो का, की वेळ वाया? आणि यात पुढे काही आहे का? – एक पालक, जालना

तुमची काळजी मला समजते, माझ्याकडे दर पालकसभेला हाच प्रश्न यायचा, आणि बहुतेक वेळा वडीलच विचारायचे. आधी व्यवहाराचं सांगते. इंटरमिजिएट पास झाली तर दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ग्रेडला 7, बी ला 5, सी ला 3, त्याचा प्रस्ताव शाळेतून वेळेवर जायला हवा एवढं मात्र लक्ष ठेवा, ऑफिसात आठवण करून द्यावी लागते.

पुढचं असं की बारावीनंतर चार वर्षांचा बीएफए, म्हणजे चित्रकलेचा पदवी अभ्यासक्रम असतो, त्याला एएसी सीईटी नावाची प्रवेश परीक्षा आहे, आणि तिच्यात काय विचारतात तर वस्तुचित्र, स्मरणचित्र (आठवणीतून काढलेलं), संकल्पचित्र (नक्षीकाम) आणि सामान्यज्ञान. म्हणजे आठवी-नववीत ती जे करतेय तेच, वरच्या पातळीवर. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 पासून चालू आहे, पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहे, नागपूर आणि तुमच्या जवळ छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे, खूप लांब जायची पण गरज नाही. अप्लाइड आर्ट, टेक्स्टाइल, पेंटिंग, शिल्प, शिक्षक व्हायचं तर त्याचा वेगळा डिप्लोमा. पैसा सगळ्यात सारखा नाही आणि सगळ्यांना लगेच मिळत नाही, हे पण खरं सांगते.

पण माझी एक विनंती आहे. दहावीचं वर्ष आलं म्हणून चित्रांची वही कपाटात ठेवायला लावू नका. दिवसाला अर्धा तास ठेवा. माझ्या एका विद्यार्थिनीची वही घरच्यांनी बंद केली होती, अभ्यास वाढला नाहीच, ती नुसती पुस्तक उघडून बसून राहायची, आणि वर्षभराने हातात पेन्सिल घेतली तर रेघ थरथरायला लागली होती. तिचा तो चेहरा मी विसरले नाहीये.

माझे वॉटर कलर नेहमी चिखल होतात. पावसाळ्यात तर जास्तच. – दहावी, फोंडा, गोवा

पावसाळ्याचं तू बरोबर ओळखलंस. हवा दमट असली की वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळायला खूप वेळ लागतो आणि आपण घाई करून ओल्यावरच दुसरा रंग मारतो, तो खालच्यात मिसळतो. हाताची मागची बाजू कागदाजवळ ने, गार लागलं तर अजून ओलं आहे, थांब. तेवढ्यात दुसरं चित्र सुरू कर, मी नेहमी दोन कागद बरोबर ठेवते.

दुसरं कारण रंगच. सगळा निळा सारखा नसतो. प्रुशियन ब्लू हिरव्याकडे झुकतो आणि शेंदरी लाल पिवळ्याकडे, दोघं मिळवून जांभळा करायला गेलास तर मातकटच येणार. जांभळ्यासाठी क्रिमझन आणि अल्ट्रामरीन घे. सावलीसाठी काळा वापरू नको, अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळ, किती सुंदर करडा येतो बघ, निळा जास्त घातला की थंड, सिएना जास्त की उबदार, पावसाळी आभाळ, चिऱ्याच्या भिंतीची ओली सावली, सगळं त्यातच निघतं. दोन भांडी पाणी, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. पांढरा रंग ट्यूबमधून न घेता कागदाचा राखायचा, म्हणजे पांढरं कुठे ठेवायचंय ते आधीच ठरवायला लागतं. आणि एका जागी ब्रशचे दोन-तीन फटकारे, मग सोडून द्यायचं, दहा वेळा गिरवायचं नाही.

मी डावखुरा आहे, हात चित्रावर घासतो. – सातवी, बार्शी

मग उजवीकडून सुरुवात कर आणि हाताखाली एक कोरा कागद ठेव. हात बदलायला कुणी सांगितलं तर ऐकू नको.

स्मरणचित्रात माझी माणसं काडीपैलवान दिसतात. 'भाजी मंडई' विषयावर वीस माणसं काढली तरी मार्क कमी. – नववी, इचलकरंजी

वीस काढलीस म्हणूनच. दोन तासांत वीस माणसं नीट होत नाहीत. तीन मोठी काढ, पुढे, कागदाच्या निम्म्याहून उंच, एकमेकांच्या थोडी आड येणारी, आणि मागची गर्दी नुसत्या रंगाच्या ठिपक्यांत. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सात-साडेसातपट, लहान मुलाची पाच-सहापट, हे एवढं लक्षात ठेव. आणि एक युक्ती, तू सपाट जमिनीवर उभा राहून बघतोयस असं धरलंस तर तुझ्याएवढ्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे एकाच आडव्या रेघेवर येतात, मग तो जवळ असो की लांब, लांबच्याचे फक्त पाय वर सरकतात. एस्टी स्टँडवर उभा राहून हे तपास.

मंडईत जा, पण चित्र काढायला नको, एकाच बाईकडे बघ. ती तराजू कसा धरते, एक खांदा वर जातो, गुडघ्यावर हात कसा टेकतो, पदर कुठे खोचलाय. घरी येऊन लगेच वहीत उतरव, आठवत नसेल तिथे जागा मोकळी सोड, दुसऱ्या दिवशी जाऊन तेवढंच बघून ये. स्मरणचित्र म्हणजे स्मरणातलं चित्र, आणि स्मरणात आधी काही गेलंच नसेल तर काडीपैलवानच येणार.

मी सहावीत आहे. आमच्या इथे चित्रकलेचे सर नाहीत. घरी रंग नाहीत. मला चित्र यायला पाहिजे. – एक विद्यार्थिनी, अक्कलकुवा तालुका

तुझं पत्र वहीच्या पानावर आलं आणि मागे तू पेन्सिलीने शेळी काढलीयेस. शेळीचे मागचे पाय तू अगदी बरोबर वाकवलेस, ते गुडघ्यासारखे पुढे नाही वाकत, मागे वाकतात, शहरातली कितीतरी मुलं इथे चुकतात. म्हणजे तू बघतेस. मला तुझं पत्र वाचून फार आनंद झाला.

रंग नाहीत तर नसू देत. चुलीतला विझलेला कोळसा घे, बोटाएवढा तुकडा, हलका आणि ठिसूळ असेल तो चांगला. जाड खाकी कागद, सिमेंटच्या गोणीचा आतला कागद, जुन्या वहीचा पुठ्ठा, काहीही चालतं. कोळशाने आधी गडद भाग भर, मग जिथे उजेड आहे तिथे खडूने पांढरं. खाकी कागद मधली छटा आपोआप देतो. गेरू मिळाला तर पाण्यात कालवून काडीने रेघा मार. वारली बाया गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने काढतात, आणि त्याच रेषा घेऊन वारली चित्रकार जिव्या सोमा मशे जगभर जाऊन आले.

रांगोळी काढतेस का? ठिपक्यांची काढत असशील तर दोन्ही बाजू सारख्या करणं तुला येतं, ते तासगावच्या ताईला अजून जमत नाहीये. तेच घेऊन संकल्पचित्र होतं, पुढे शिकशील.

आता या महिन्यात शेळीच काढ, रोज एक. बसलेली, उभी, चरताना, समोरून. समोरून काढणं अवघड आहे, पोट तोंडाच्या मागे लपतं, तरी काढ. त्यातलं तुला आवडेल ते एक कोळशाचं चित्र मला पाठव. टपालाने पाठवताना वरून दुसरा कागद ठेवून चारी बाजूंनी दुमड म्हणजे कोळसा पुसला जाणार नाही. शेळीच्या मालकिणीचं नाव पण लिही, आणि शेळीचं काही नाव असेल तर ते पण. कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद, आणि 2बी पेन्सिलींचं एक पाकीट मी तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय, मिळालं की कळव.